तारेखालची झाडं

विजेच्या बिलाच्या पाठीवर
मर्व्ह ट्रेम्बाथनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं:

मू पॉ, पेपरबार्कच्या ताटलीत पाणी हवं, कायम.
दलदलीतली बाई आहे ती, पाय ओले असू देत.
बँक्सियाला खत घालू नकोस. प्रेमानंसुद्धा नको.
उपाशी मातीतला जन्म तिचा, पोटभर खाल्लं की मरते.
सुरूच्या कुंडीतली पांढरी जाळी पुसू नकोस,
बुरशी नाही ती, त्याचं बिऱ्हाड आहे.
आणि शेवटच्या फळीवरच्या निलगिरीला
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.
विसरू नकोस.
खाली दोनदा रेघ.

मग तो गेला मेलबर्नला, नवा खुबा बसवून घ्यायला.

चौतीस वर्षं ट्रकच्या पाळण्यात उभा राहून
त्यानं तारांवर येणाऱ्या फांद्या तोडल्या.
बेंडिगोतल्या आमच्या गल्लीतली झाडं बघा,
मधोमध भांग पाडलेली,
भांगातून तारा गेलेल्या.
'माझं सगळ्यात मोठं बोन्साय,' म्हणायचा
आणि थुंकायचा.
निवृत्त झाला त्या दिवशी भंगारातली केबल घरी आणली,
सोलली, तांबं विस्तवात मऊ केलं,
आणि जन्मभर जिच्यापासून फांदी लांब ठेवली
ती तार फांदीलाच गुंडाळायला बसला.

निलगिरी ऐकत नाही.
जपानी पुस्तक म्हणालं, हिवाळ्यात छाट.
छाटली. तीन झाडं गेली.
चौथं हॉथमच्या उतारावरचं,
खांब दुरुस्त करताना खिशात आलेल्या बीचं.
ते त्यानं भर उन्हाळ्यात छाटलं, आणि जगलं.
पण फांदी वाकवावी तर वर्षभर वाकून राहायची,
आणि एका सकाळी वाळून गळून पडायची.
तार तिथंच, आत काही नाही,
टाकलेल्या कातेसारखी.
मर्व्ह ती सरळ करायचा. दुसऱ्या फांदीला गुंडाळायचा.
एकोणीस वर्षं.

त्रेचाळीस अंश. उत्तरेचा वारा.
कोंबड्यांच्या कारखान्यात मला लागोपाठ दोन पाळ्या.
दुसऱ्या रात्री बॅटरी घेऊन त्याच्या अंगणात गेले
तेव्हा पानं चहापत्तीसारखी हातात चुरली.
वास मात्र आला,
सर्दीत छातीला लावतात तो, अंगणभर.

फोनवर सांगितलं. रडले नाही.
पलीकडे इस्पितळात कुणाची तरी घंटा
बराच वेळ वाजत होती.
'नखानं खरवड,' तो म्हणाला.
'खालून सुरू कर. वर बघू नकोस.'

वर सगळं तपकिरी.
मातीला टेकलेल्या जागी एक गाठ,
बटाट्याएवढी, बेढब,
जी तो इतकी वर्षं शेवाळाखाली झाकत आला होता.
तिथं हिरवं.

गाठी मला माहीत आहेत.
सरहद्दीवरच्या कॅम्पात आई
बियांची पुरचुंडी कमरेला बांधून झोपायची,
सतरा वर्षं,
पेरायला हातभर जमीन नसताना.
आम्ही हसायचो तिला.

मार्चमध्ये तो आला, वॉकर ढकलत.
गाठीतून सात धुमारे, लालसर,
कुणीच काही न शिकवलेले.
वर मेलेल्या खोडावर काळवंडलेलं तांबं.
मला वाटलं, ओरडेल.
त्यानं पक्कड माझ्या हातात दिली.
'कापून काढ. उकलू नकोस, साल येते सोबत.'

मी एकेक वेढा कापत गेले.
तो उलट्या बादलीवर बसून, मान तिरकी करून
त्या सात धुमाऱ्यांकडे बघत होता,
पाळण्यातून बघत असेल तसा:
कुठला ठेवायचा.

'उन्हाळ्यात,' शेवटी म्हणाला. 'आता नको.'

तारेचे तुकडे वेचून त्यानं खिशात टाकले.
तांबं महाग झालंय.